उतरल्यानंतर

जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे तीस किलोमीटरवर बस्सी आहे. १९९१ साली यजमानांच्या रेल्वेतील बदलीमुळे मी तेथे गेले. विरळ खेजडीची झाडे, बाजरीची शेते आणि उन्हाळा लागताच अंगावर धावून येणारी लू, एवढीच त्या गावाची पहिली ओळख. मुंबईत अर्धवट राहिलेला भौतिकशास्त्राचा प्रबंध एका पत्र्याच्या पेटीत घालून मी बरोबर नेला होता. ती पेटी खाटेखाली सरकवली, ती तेथेच राहिली. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवण्याचे काम मिळाले आणि मी ते स्वीकारले. पण मनातल्या मनात मी त्याला 'उतरणे' म्हणत असे. प्रयोगशाळेतून वर्गात, महानगरातून तालुक्याच्या गावात. वरून खाली येण्याचीच ती वाट आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटे.

त्याच सुमारास मुंबईच्या एका मैत्रिणीने एक पुस्तक पाठवले. मुलांसाठी लिहिलेले, मोठ्या छायाचित्रांचे. लेखिका होती सॅली राइड, १९८३ च्या जूनमध्ये 'चॅलेंजर' यानातून अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री. सुझन ओकी या आपल्या बालमैत्रिणीबरोबर तिने ते लिहिले होते. १९८६ साली ते प्रसिद्ध झाले. यान सुटताना अंगाला बसणारे हादरे, वजनहीन अवस्थेत जेवायचे कसे, झोपायचे कसे, हे सारे त्यात अगदी साध्या शब्दांत सांगितलेले होते. वीरश्रीचा आव कोठेही नव्हता. मी ते वर्गात घेऊन जाई आणि एकेक पान हिंदीतून सांगे. हळूहळू मुली मधल्या सुटीतही माझ्याभोवती जमू लागल्या.

राइड मुळात भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. पण पदवी घेताना इंग्रजी साहित्यही तिने अभ्यासले होते. १९७८ साली आठ हजारांहून अधिक अर्जांतून निवडल्या गेलेल्या पस्तीस जणांत सहा स्त्रिया होत्या, त्यांतली ती एक. उड्डाणापूर्वी पत्रकारांनी तिला विचारले होते की, काही बिघडले तर तुम्ही रडता का! १९८४ साली ती पुन्हा अंतराळात जाऊन आली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा 'सॅल्यूत ७' या स्थानकावर गेले होते. तिसऱ्या फेरीची तयारी चालू असतानाच, २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. सात जण गेले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका होती; अंतराळातून ती मुलांना पाठ देणार होती. अपघाताच्या चौकशी आयोगावर राइडची नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी तिने अंतराळसंस्था सोडली आणि १९८९ पासून सॅन दिएगोच्या विद्यापीठात ती भौतिकशास्त्र शिकवू लागली.

हे सर्व सांगून झाल्यावर आठवीतली एक मुलगी उभी राहिली. ती फार बोलत नसे. तिने विचारले, “बहनजी, इतक्या वर जाऊन आल्यावर त्या आता काय करतात?”

मी म्हटले, “शिकवतात. मुलांसाठी पुस्तके लिहितात.”

“बस, एवढेच?”

त्या एका शब्दाने मी चपापले. कारण तो शब्द माझाच होता. स्वतःविषयी मी तो रोज वापरत होते. मुलीच्या तोंडून तो ऐकला तेव्हा मला प्रथमच त्याचा राग आला. मी काहीतरी लांबलचक उत्तर दिले. काय दिले ते आज आठवत नाही. तिचे समाधान झाले नव्हते, एवढे मात्र आठवते.

खरे उत्तर मला आमच्या मराठीतच सापडले. जयंत नारळीकर केंब्रिजची कीर्ती मागे ठेवून १९७२ साली भारतात परतले आणि संशोधन चालू ठेवूनच मराठीत विज्ञानकथा लिहू लागले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत : वहीवर स्वाक्षरी देणार नाही, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. आकाशाचा एवढा अभ्यासक पोस्टकार्डाएवढ्या जागेत मुलाच्या शंकेला उत्तर देतो, यात उतरणे कोठे होते? मुलाला समजेल असे सांगायचे, तर आधी आपल्याला किती समजले आहे हे तपासावे लागते. मी तो प्रयत्न करून पाहिला. वजनहीन अवस्था मुलींना समजावताना माझी स्वतःचीच समजूत किती पुस्तकी होती, हे मला कळले.

मीही मग पोस्टकार्डे आणली. स्वतःचा पत्ता घालून ती मुलींना वाटली आणि म्हटले, शाळा सुटली तरी प्रश्न सुटू देऊ नका. त्या मुलीनेही एक घेतले.

पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही. लहानपणीच अक्षय तृतीयेला तिचे लग्न लागलेले होते. आता गौना झाला आणि ती सासरी गेली. मी तिच्या घरी गेले. आजोबांनी आदराने बसवले, ताक दिले. नववीचे वर्ष तरी पुरे होऊ द्यायला हवे होते, असे मी म्हटले. ते म्हणाले, “बहनजी, मुलगी सुखात आहे.” यापुढे बोलण्याजोगे काही राहिले नव्हते. मी ताक पिऊन उठले.

१९९४ च्या अखेरीस, आम्ही बस्सी सोडण्याच्या बेतात असताना, तिचे कार्ड आले. खाली सही होती, गावाचे नाव नव्हते. टपालाचा शिक्का पुसट होता. प्रश्न एकच होता : संध्याकाळी छतावरून एक तारा चालताना दिसतो, लुकलुकत नाही; त्यात माणसे असतात का?

मी उत्तर लिहिले. चालणारे ते बहुतेक तारे कृत्रिम उपग्रह असतात. त्यांना स्वतःचा उजेड नसतो. आपल्याकडे सूर्य मावळला तरी तेवढ्या उंचीवर त्याचे ऊन पोचते, म्हणून ते चमकतात. त्यांतल्या एकात, 'मीर' नावाच्या स्थानकात, या क्षणी खरोखरच माणसे आहेत. ते पत्र मी तिच्या माहेरच्या पत्त्यावर टाकले. ते पुढे पोचले की नाही, मला कधीच समजले नाही.

राइडने पुढे एका उपक्रमातून शाळकरी मुलांना अंतराळातल्या कॅमेऱ्याने पृथ्वीची छायाचित्रे घेण्याची सोय करून दिली. कोठले चित्र घ्यायचे ते मुलेच ठरवीत. २३ जुलै २०१२ रोजी ती गेली. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. पत्र्याची ती पेटी अजून माझ्याकडे आहे. प्रबंधाचे कागद मी केव्हाच रद्दीत दिले. आता तिच्यात मुलांच्या प्रश्नांची कार्डे आहेत, आणि सर्वांत वर ते पुसट शिक्क्याचे. त्याचे उत्तर मी मुलांसाठी लिहिलेल्या प्रत्येक लेखात कोठे ना कोठे पुन्हा लिहीत आले आहे. न जाणो, एखादा लेख तिच्या हाती पडेल.