पेशंट जेव्हा मर्यादा ओलांडतो

एरवी मी इथे बीपी, शुगर, थायरॉइडबद्दल लिहिते. आजचा विषय वेगळा आहे आणि तो लिहायला मला जवळपास तीस वर्षं लागली. (ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील बदलले आहेत.)

माझ्या दवाखान्यात संध्याकाळच्या ओपीडीला एक तरुण डॉक्टर बसते. गेल्या वर्षी एका रात्री ओपीडी आटोपल्यावर ती म्हणाली, "मॅडम, त्या काकांना यापुढे मी तपासणार नाही." हे काका माझे पंधरा वर्षांचे पेशंट. निवृत्त, नीटनेटके, बायकोला शुगर तपासायला न चुकता घेऊन येणारे. माझ्यासमोर कधी वावगा शब्द नाही. तिच्या वेळेत मात्र दर आठवड्याला 'जांघेत दुखतंय, बघा' म्हणून हजर. पहिल्यांदा तिने नीट तपासलं. हर्निया नाही, गाठ नाही. दुसऱ्यांदाही काही नाही. तिने सर्जनकडे चिठ्ठी दिली, ते गेले नाहीत. तिसऱ्यांदा ती नको म्हणाली तर हसून म्हणाले, "तुमचा हात लागला की बरं वाटतं." मग रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर पुरळ दाखवायला म्हणून फोटो. त्यात पुरळ कुठेच नव्हतं.

मी तिला काय सांगितलं? "अगं, वय झालंय त्यांचं. दुर्लक्ष कर."

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण हे वाक्य माझं नव्हतंच. एमबीबीएस झाल्यावर मी एका नर्सिंग होममध्ये कामाला होते. बीपी मोजताना एका पेशंटने माझं मनगट धरलं आणि सोडेना. जे बोलला ते इथे लिहीत नाही. वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले, "दुर्लक्ष कर, पेशंट तुटतो." तेव्हापासून आजपर्यंत माझी खुर्ची दाराच्या बाजूला असते. लोकांना वाटतं मी वास्तुशास्त्र मानते!

तुम्ही म्हणाल, असे किती पेशंट असणार? १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या स्त्री फॅमिली डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तर देणाऱ्यांपैकी ७७ टक्के जणींना कधी ना कधी पेशंटकडून लैंगिक त्रास झाला होता. मला जास्त बोचलं ते पुढचं. त्रास देणारा बहुतेक वेळा त्यांचा स्वतःचाच पेशंट होता आणि जागा त्यांचाच दवाखाना. रस्त्यावरच्या माणसापासून लांब जाता येतं. पेशंटसाठी आम्ही स्वतःच पडदा ओढतो, कुठे दुखतं ते विचारतो, हात लावतो. (पुरुष डॉक्टरही यातून सुटत नाहीत, पण ते बोलतच नाहीत.)

आता पुरुष वाचकांसाठी. हे वाचून कृपा करून तक्रार लपवू नका. लिंगाला ताठरता न येणं हे कधी कधी मधुमेहाचं किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचं पहिलं लक्षण असतं. ते मला सांगायलाच हवं. ज्याला खरंच त्रास आहे तो अडखळत का होईना सांगतो, तपासण्या करतो, रिपोर्ट घेऊन परत येतो. दुसऱ्याला उत्तर नकोच असतं. चिठ्ठी दिली तरी तो सर्जनकडे जात नाही.

शिवाय कधी कधी हे वागणं हाच आजार असतो. पार्किन्सनचे एक आजोबा, आयुष्यभर सभ्य, अचानक नर्सच्या अंगचटीला जाऊ लागले. घरच्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. ते प्रामिपेक्सोल घेत होते. या गटातल्या औषधांनी काही जणांची लैंगिक इच्छा आवरेनाशी होते. न्यूरॉलॉजिस्टनी डोस हळूहळू कमी केला, आजोबा पूर्वीसारखे झाले. मेंदूच्या पुढच्या भागाचा डिमेन्शिया आणि मॅनिया यांतही असं होतं. तेव्हा घरातला माणूस एकाएकी असा वागू लागला तर डॉक्टरांना सांगा, गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

काकांना यातलं काही नव्हतं. माझ्यासमोर ते व्यवस्थित वागत होते, म्हणजे ताबा होता. कोणासमोर वागायचं आणि कोणासमोर नाही, हे त्यांना पक्कं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा उघडून बसले. बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही कर्मचाऱ्यांना सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या माझ्यासारख्या दवाखान्यातली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पोलिसांकडे जायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ आहे. म्हणजे 'दुर्लक्ष कर' हा सल्ला देण्याचा मला अधिकारच नव्हता.

मी तिची माफी मागितली आणि तक्रार करायची का ते विचारलं. ती म्हणाली, "आधी तुम्ही त्यांना सांगा. फोटो मी जपून ठेवलेत." काकांना बोलावलं. कंपाउंडरला आत उभं केलं आणि काय घडलं ते एकेक करून सांगितलं. ते म्हणाले, "ती मला मुलीसारखी आहे." मी म्हटलं, मुलीला असे फोटो कोणी पाठवत नाही. यापुढे तुम्ही दुसरा डॉक्टर बघा, कागदपत्रं मी देते. फाइल घेऊन ते निघून गेले. आता तपासणीच्या वेळी आमच्याकडे नर्स आत थांबते, आणि दवाखान्याचा वेगळा नंबर रात्री नऊला बंद होतो.

काकू मात्र अजून येतात, एकट्या, रिक्षाने. मागच्या महिन्यात विचारत होत्या, "हे म्हणतात तुमचं औषध आता लागू पडत नाही. काही झालं का हो डॉक्टर?"

मी त्यांचा रिपोर्ट पुन्हा वाचत बसले. शुगर वाढली होती, ते सांगितलं. बीपी त्या मुलीनेच मोजलं. काकू तिला म्हणाल्या, "किती हलका हात आहे गं तुझा."