जिन्याखालच्या खोलीचा पहारा

आमच्या विद्यालयाच्या मुख्य इमारतींत जिन्याखालीं एक अरुंद खोली आहे. पूर्वीं तींत झाडू, खडूंचीं खोकीं आणि मोडकीं बाकें पडून असत. पुढें शाळेच्या सर्व्हरास दुसरी जागा न मिळाल्यामुळें तो तेथें बसविण्यांत आला. सर्व्हर म्हणजे सर्व शाळेचें दप्तर सांभाळणारा, रात्रंदिवस चालणारा संगणक. तो जितकी वीज घेतो तितकी जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपानें परत टाकतो. आमचा सर्व्हर व त्याच्या सोबतचीं यंत्रें मिळून सुमारें ४०० वॅट वीज घेतात. म्हणजे बंद खोलींत तेवढ्या शक्तीची एक शेगडी अष्टौप्रहर पेटती ठेवल्यासारखेंच झालें. तिचा ताप निवारण्यासाठीं तेथें एसी लावलेला आहे.

सन २०२३ च्या मे महिन्यांत, सुटी चालू असतां, एका रात्रीं वीज गेली आणि दीड तासानें आली. सर्व्हर इन्व्हर्टरवर असल्यामुळें चालूच राहिला. एसी मात्र वीज आल्यावर आपण होऊन सुरू होणाऱ्यांपैकीं नव्हता. त्याचें बटण कोणीतरी दाबावें लागे, आणि दाबणारा तर शाळेंत कोणीच नव्हता. तिसऱ्या दिवशीं आम्हीं दार उघडलें तेव्हां भट्टीसारखी झळ तोंडावर आली. सर्व्हरांतील दोन डिस्क कायमच्या निकामी झाल्या होत्या.

आमच्या कार्यालयांतील लेखनिक बाई चार वर्षें रोज दुपारीं जुन्या जनरल रजिस्टरांतील नांवें व जन्मतारखा संगणकांत उतरवीत होत्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वींचा एखादा माजी विद्यार्थी दाखल्यासाठीं काठी टेकीत येतो, तेव्हां त्याला तासभर ताटकळावें लागूं नये, एवढाच त्यांचा हेतु. त्यांच्या शेवटच्या सात महिन्यांचें काम त्या डिस्कांबरोबर गेलें. दुसरी प्रत काढून ठेवण्याचें काम आमच्याकडे होतें, आणि तें आम्हीं सात महिने केलें नव्हतें. हें येथें लिहिणें आम्हांस भाग आहे. बाई एक शब्दही बोलल्या नाहींत. त्यांनीं कपाटांतून १९४८ चें रजिस्टर पुन्हां काढलें आणि पहिल्या पानापासून आरंभ केला. त्या रागावल्या असत्या तर आम्हांस बरें वाटलें असतें.

खोलीचें उष्णमान पाहून दूरवर सूचना देणारें तयार यंत्र बाजारांत मिळतें. एका व्यापाऱ्यानें दिलेलें दरपत्रक घेऊन आम्ही मुख्याध्यापक फादरांकडे गेलों. त्यावरील आंकडा तीस हजारांच्या वर होता. फादर म्हणाले, "मास्तर, मुलींच्या वसतिगृहाचें छप्पर गळतें आहे. हजार रुपयांत कांहीं होतें का पाहा."

पहिला उपाय फुकटच मिळाला. भूगोलाच्या कपाटांत अठराव्या शतकांतील जेम्स सिक्स या इंग्रज गृहस्थाच्या नांवानें ओळखला जाणारा कमाल-किमान तापमापक होता. त्याची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी असून तींतील पारा दोन लहान लोखंडी काटे पुढें ढकलतो. काटे जेथें थांबतात तेथें दिवसाचें कमाल व किमान उष्णमान वाचावें, आणि मग लोहचुंबकानें ते पुन्हां पाऱ्यापाशीं आणावे. एवढ्यानें खोली किती तापली होती तें कळूं लागलें. परंतु कळे तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं.

तेव्हां नववीचे तीन विद्यार्थी मदतीस घेऊन आम्हीं डीएस १८ बी २० नांवाचे तीन सेन्सर आणविले. पोलादी नळींत बसविलेला असा सेन्सर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. प्रत्येकाला कारखान्यांतच स्वतंत्र क्रमांक दिलेला असल्यामुळें तिघांचीं मापें एकाच तारेवरून वेगवेगळीं वाचतां येतात, मध्यें ४.७ किलोओहमचा एक रोधक जोडावा लागतो, इतकेंच. मापें वाचून वायफायवरून मोबाईलवर संदेश पाठविण्यास ईएसपी ८२६६ ही लहानशी पाटी घेतली. एकूण खर्च साडेसातशेच्या आंत राहिला.

बनविणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणें या सेन्सरांत अर्ध्या अंशापर्यंत चूक असूं शकते. मुलांनीं रसवंतीच्या दुकानांतून बर्फ आणला, तो कुटून थोड्या पाण्यांत कालविला, आणि तिन्ही नळ्या त्यांत बुडविल्या. वितळत्या बर्फाचें उष्णमान शून्य अंश, हें पुस्तकांत त्यांनीं अनेकदां पाठ केलें होतें. एका सेन्सरानें ०.१, दुसऱ्यानें ०.३ आणि तिसऱ्यानें उणे ०.२ दाखविलें. तेवढा फरक ज्याच्या त्याच्या नांवें टिपून ठेवला.

मग प्रश्न आला जागेचा. आम्हीं पहिला सेन्सर भिंतीवर, एसीच्या झोतांत लावला. तो २२ अंश दाखवी आणि आम्ही निश्चिंत! पुढें एका मुलानें दुसरा सेन्सर सर्व्हरच्या तोंडाशीं, जेथून तो हवा आंत ओढतो तेथें धरला, तों २९ अंश. ॲश्रे या अमेरिकन संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे, आणि ती या आंत जाणाऱ्या हवेसंबंधीं आहे. सर्व्हरची पाठ भिंतीला जवळजवळ चिकटली होती, त्यामुळें गरम हवा वरून वळसा घेऊन पुन्हां तोंडाशीं येई. आम्हीं तो हातभर पुढें ओढला. उष्णमान तीन अंशांनीं उतरलें. यास खर्च कांहींच आला नाहीं.

एका मध्यरात्रीं संदेश आला, "८५ अंश." आम्ही धांवत गेलों, फादर बॅटरी घेऊन आले. खोली गारच होती. वीज क्षणभर हिसकली असतां हा सेन्सर नव्यानें जागा होतो, आणि पहिलें माप घेण्यापूर्वीं विचारलें तर ८५ हाच आंकडा सांगतो, असें मागून वाचनांत आलें. तेव्हांपासून लागोपाठ तीन मापें जास्त आल्याखेरीज आमचें यंत्र ओरडत नाहीं. तार तुटली तर तें उणे १२७ असा आंकडा देतें. तो खोटा म्हणून टाकून न देतां "तार पाहा" असा संदेश पाठवावा, ही सूचना मुलांचीच.

त्यांचीच दुसरी सूचना आम्हांस प्रथम उगीच वाटली होती. रात्रीं गस्त घालणारा गुरखा चोर नसतांही काठी आपटतो, तसा रोज सायंकाळीं सात वाजतां, सर्व ठीक असलें तरी, एक संदेश यावा. मुलें त्याला खोलीची हाळी म्हणत. सन २०२४ च्या मे महिन्यांत आम्ही गांवीं असतां त्यांपैकीं एका मुलीचा फोन आला, "सर, आज हाळी आली नाहीं." आमच्या तें ध्यानांतही आलें नव्हतें. आम्हीं वसतिगृहांतील ब्रदरांना कळविलें. त्यांनीं जाऊन पाहिलें तों शिपाईमामांनीं सुटीपूर्वीं एसी आणि इंटरनेटचा राऊटर, दोन्ही बंद केलेले. इन्व्हर्टरवरील सर्व्हर तेवढा चालू. सेन्सर बिचारा आंत ३८ अंश मोजीत बसला होता, पण सांगणार कोणत्या वाटेनें? ब्रदरांनीं दार उघडून पंखा लावला, एसी सुरू केला. कांहींही गेलें नाहीं. मामांना बोल लावण्यांत अर्थ नव्हता. "सुटीपूर्वीं सर्व बटणें बंद करावीं" हा तेथील फलक आमच्याच अक्षरांत होता.

राऊटर आतां इन्व्हर्टरवर आहे आणि फलक बदलला आहे. बाईंनीं गमावलेला भाग पुरा करून १९५४ चें रजिस्टर उघडलें आहे. दर शुक्रवारीं दुसरी प्रत काढल्याबद्दल त्या आमची सही वहींत घेतात, आणि सही झाल्याशिवाय किल्ल्या देत नाहींत.