चेन पडते तेव्हा

सायकलच्या बाबतीत ‘साखळी पडली’ असे आमच्याकडे कुणी म्हणत नाही. पडते ती चेनच. साखळी दाराला असते, झोपाळ्याला असते. आणि तिचे मूळ ज्या ‘शृंखला’ या संस्कृत शब्दात आहे, त्याचा अर्थ बेडी असाही होतो. वर्गात व्युत्पत्ती शिकवताना हे मी कितीदा तरी सांगितले असेल. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या सायकलची चेन रोज संध्याकाळी पडू लागली, तेव्हा यातले काहीच आठवले नाही. आठवला तो फक्त संताप.

ही सायकल जागची हलत नाही, हे आधी सांगायला हवे. 2022 च्या पावसाळ्यात अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दिवसा मी महाविद्यालयात असते तेव्हा एक मावशी त्यांच्याजवळ असतात. संध्याकाळी सहानंतर घरात आम्ही दोघेच. रविवारी पहाटे खडकवासल्यापर्यंत सायकलने जाऊन येण्याचा माझा क्रम अर्थातच थांबला. वर्षभराने डॉक्टरांनी माझ्याच रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवून भुवया उंचावल्या, तेव्हा एका सहकाऱ्याने त्याच्याकडे पडून असलेला ट्रेनर दिला. सायकलचे मागचे चाक काढायचे, सांगाडा या यंत्रावर बसवायचा आणि चेन यंत्राच्याच दातेरी चक्रांवर चढवायची. आत एक जड फ्लायव्हील फिरते आणि रस्त्याचा भास निर्माण करते. बंद गॅलरीत मी रोज चाळीस मिनिटे कुठेही न जाता पायडल मारू लागले.

दहा-पंधरा मिनिटे झाली की चेन पुढच्या चक्रावरून आतल्या बाजूला घसरे. हात काळे, घाम, आणि पुन्हा सुरुवात. रस्त्यावर याच सायकलची चेन पाच वर्षांत दोनदा पडली असेल. सायकल तीच, चेन तीच, चालवणारीही तीच. मग बदलले काय?

माझा पहिला संशय चेनवरच होता. चेन जुनी झाली की ताणली जाते, असे आपण म्हणतो. वस्तुतः धातू ताणला जात नाही. दुव्यांच्या खिळ्या झिजतात आणि लांबी वाढते. हे मोजायला घरातली पट्टी पुरते. सायकलच्या चेनमधल्या दोन खिळ्यांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणजे चोवीस दुवे बरोबर बारा इंच भरायला हवेत. एक सोळांश इंच वाढ झाली की चेन बदलायची वेळ आली, एक अष्टमांश झाली की बहुधा दातेरी चक्रांचेही दात गेलेले असतात. माझी चेन बारा इंचांना चिकटून होती. निर्दोष सुटली.

दुसरा संशय बैठकीवर होता. यंत्रावरची चक्रे मूळ चाकावरच्या चक्रांच्या नेमक्या जागी येतातच असे नाही. मिलिमीटरभराचा फरक पडला तरी गिअर कुरकुरतात. आस सांगाड्याच्या खाचेत पूर्ण बसली आहे ना ते पाहिले, मग केबलच्या टोकाची फिरकी पाव-पाव वेढा फिरवत खडखड घालवली. आवाज थांबला, पण चेन पडतच राहिली. गिअर बदलणाऱ्या भागाला ‘डिरेलर’ म्हणतात, म्हणजे शब्दशः रुळावरून उतरवणारा. चेन एका चक्रावरून पाडून दुसऱ्यावर नेणे हेच त्याचे काम. त्याला फार बोल लावण्यात अर्थ नव्हता.

अखेर पेठेतल्या एका जुन्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांना घरी बोलावले. त्यांनी कुठल्याही स्क्रूला हात लावला नाही. मला बसवले, जोरात पायडल मारायला लावले आणि म्हणाले, “आता एकदम थांबा, ताई.” मी थांबले. चेनचा वरचा पदर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा खाली लोंबला आणि क्षणात चेन घसरली.

“बघा,” ते म्हणाले. पाय थांबले तरी फ्लायव्हील फिरत राहते. मधल्या फ्रीहबमध्ये स्प्रिंगवर बसवलेले छोटे खटके असतात. ते मोकळे असले तर चाक फिरते आणि चक्रे थांबतात. आत ग्रीस सुकून घट्ट झाले की फिरते चाक चक्रांनाही ओढते, चक्रे चेन पुढे लोटतात, पुढचे चक्र तर थांबलेले. मग ढिली चेन जाणार कुठे? यंत्र कित्येक महिने पडून होते, ग्रीस सुकलेच होते. काकांनी ते उघडून पुसले, नवे वंगण घातले. निघताना सहज विचारले, “पण ताई, तुम्ही असं एकदम का थांबता? हळूहळू थांबतात माणसं.”

मी काही उत्तर दिले नाही. उत्तर आतल्या खोलीत होते.

अण्णांना आता एकच आवाज काढता येतो, ‘ए’ आणि ‘आ’च्या मधला. पाणी हवे असले तरी तोच, कूस बदलायची असली तरी तोच, आणि नुसते कुणी जवळ हवे असले तरीही तोच. गॅलरीच्या काचेआड यंत्राच्या घरघरीत तो मला ऐकू येईल की नाही, या धास्तीत मी पायडल मारत असे, आणि आला असे वाटले की तिथेच पाय रोखत असे. बऱ्याचदा आवाज आलेलाच नसे. चेन मात्र पडलेली असे.

ज्यांनी मला चेन बसवायला शिकवले, त्यांच्याच हाकेने ती पडत होती. अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कसब्यातून वाकडेवाडीमार्गे रोज सायकलने जात-येत, काळ्या बावीस इंची सायकलने. मी दहा वर्षांची असताना त्यांनी दाखवले होते : चेन पडली की आधी पाय थांबव, जोर केलास तर अडकून बसेल, काडीने ती मागच्या दात्यांवर घे, मग पुढच्या दात्यांवर टेकव आणि पायडल हळू फिरव. सारखी पडू लागली तर मागच्या चाकाचे नट सैल करून चाक ओढून घे. रागावून चेन बसत नाही, हेही त्यांनीच सांगितले होते.

काका गेले त्याच संध्याकाळी मी ट्रेनर अण्णांच्या खोलीत आणला. घरघर त्यांना सोसेल का, ही शंका होती, म्हणूनच इतके दिवस आणला नव्हता. ते उशीला टेकून माझ्याकडे नव्हे, चेनकडे पाहत होते. काही वेळाने डावा हात उचलून त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली. मला कळायला वेळ लागला. तेल घाल, असे ते सांगत होते.

मी वेग कमी केला, दहा-बारा वेढे सावकाश दिले, उतरले आणि तेलाची बाटली आणली. तेवढा वेळ त्यांनी हाक मारली नाही.