मोलोकाईची मदर

1889 सालचं एक छायाचित्र आहे. फादर दामियन यांचं पार्थिव ठेवलेलं आणि त्याच्या शेजारी एक नन उभी. दामियन आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतात. हवाई बेटांतल्या मोलोकाईवर कुष्ठरोग्यांची सेवा करता करता स्वतःच कुष्ठरोगी होऊन गेलेले बेल्जियन धर्मगुरू. बाबा आमट्यांविषयी, आनंदवनाविषयी बोलणं निघालं की अनेकदा त्यांचंही नाव निघतं. शेजारच्या बाईंचं नाव मात्र कुणाला सांगता येत नाही. त्या मदर मारियान कोप. दामियन गेल्यावर त्याच बेटावर त्यांनी आणखी एकोणतीस वर्षं काढली. हौतात्म्याची गोष्ट माणसं कान देऊन ऐकतात. एकोणतीस वर्षं रोज सकाळी उठून तेच काम करण्याची गोष्ट ऐकायला कोण थांबणार?

2012 साली पोपनी त्यांना संतपद दिलं. ते दिलं नसतं तरी मी त्यांच्याविषयी लिहिलंच असतं. त्याचं कारण जरा बायकी वाटेल, वाटू दे. मोलोकाईवर पाठवलेल्या मुलींसाठी या बाई छान छान कपडे शिवत.

त्यांचा जन्म जर्मनीतल्या हेपनहाइमचा, 23 जानेवारी 1838 चा. नाव बार्बरा. ती लहान असतानाच आईवडील पोटासाठी अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी राहिले. मठात जायचं बार्बराच्या मनात पहिल्यापासून होतं, पण वडील आजारी पडले आणि आठवीनंतर ती कापडाच्या गिरणीत कामाला लागली. थोरली लेक म्हणजे काय असतं हे मराठी घराला समजावून सांगायला नको. धाकटी भावंडं हाताशी येईपर्यंत तिनं गिरणी सोडली नाही. 1862 साली वडील वारले आणि महिन्याभरात तिनं सिरॅक्यूजच्या फ्रान्सिस्कन सिस्टरांचं दार ठोठावलं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. पुढं मोलोकाईवर जी चिकाटी दिसते, ती मला या गिरणीतल्या वर्षांतच मुरलेली दिसते.

मठात तिचं नाव मारियान झालं. 1870 साली सिरॅक्यूजच्या सेंट जोसेफ हॉस्पिटलचा कारभार त्यांच्याकडे आला. रोग्याला हात लावण्याआधी हात धुवा, असा त्यांचा आग्रह असे. आज हे वाचताना हसू येतं, पण त्या काळी मोठमोठे डॉक्टरही याला नाक मुरडत. दारूच्या आहारी गेलेल्यांना त्या दाखल करून घेत, त्यावरून बोलणीही खात. वैद्यकीय कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी हॉस्पिटलात शिकायची मुभा दिली, पण विद्यार्थ्यानं आपल्याला तपासायचं की नाही हे रोग्यानं ठरवायचं, अशी अट घातली. गरीब रोग्यालाही ‘नको’ म्हणता आलं पाहिजे, असं वाटणारी ही बाई होती.

1883 साली हवाईचा राजा कालाकाउआ याच्या वतीनं एक फादर अमेरिकेत सिस्टर शोधत फिरत होते. पन्नासाहून अधिक संस्थांनी त्यांना नकार कळवला. त्या नकारांना मी नावं ठेवणार नाही. कुष्ठरोग म्हटलं की तेव्हा भल्याभल्यांचे पाय मागे सरत. जिवाणूचा शोध लागून जेमतेम दहा वर्षं झाली होती आणि औषध यायला अजून साठेक वर्षं होती. मदर मारियाननी मात्र होकार कळवला आणि आपल्याला कुठल्याच रोगाची भीती वाटत नाही असं लिहिलं. मठातल्या पस्तीस जणी जायला तयार झाल्या. त्यातल्या सहा जणींना घेऊन त्या निघाल्या आणि 8 नोव्हेंबर 1883 ला होनोलुलूच्या बंदराला लागल्या. तिथं घडी बसवून द्यायची आणि सिरॅक्यूजला परतायचं, असा त्यांचा बेत होता. ते परतणं काही झालं नाही.

होनोलुलूत काकाआको नावाचं इस्पितळ होतं. 1865 च्या कायद्यानं कुष्ठरोग्यांना पकडून वेगळं ठेवायची मुभा सरकारला मिळाली होती. पकडलेली माणसं आधी इथं यायची. जागा शंभरांची आणि माणसं दोनशेच्या वर. घाण, माश्या, न धुतलेल्या जखमा. सिस्टरांनी पहिल्यांदा फरश्या घासायला घेतल्या. जखमेला चिकटलेली पट्टी ओढून काढायची नसते, कोमट पाण्यानं भिजवून आपसूक सुटू द्यायची असते. एकेका माणसामागे किती वेळ जात असेल याचा हिशेब केला, तरी या कामाला वर्षं का लागतात ते कळतं.

सरकारनं नेमलेला तिथला कारभारी रोग्यांना छळायचा. मदर मारियाननी सरकारला सरळ कळवलं की एक तर तो जाईल, नाही तर आम्ही सिरॅक्यूजला जाऊ. तो गेला आणि इस्पितळाचा सगळा ताबा सिस्टरांकडे आला. चरित्रकार त्यांना ‘नम्र’ म्हणतात तेव्हा मला हा प्रसंग हटकून आठवतो. स्वतःसाठी त्यांनी काही मागितल्याचं दिसत नाही, पण रोग्यांवर बेतलं तेव्हा सामान बांधून निघायची तयारी दाखवली. राजानं त्यांना पदक दिलं. त्या पदकाबद्दल एवढंच पुरे.

रोग्यांच्या निरोगी मुलींचं काय, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच नव्हता. आईबापांना धरून नेलं की पोरी उघड्यावर. त्यांच्यासाठी 1885 साली इस्पितळाच्या आवारातच कापिओलानी होम उभं राहिलं, कारण या मुलींना दुसरं कुणी ठेवून घ्यायला तयार नव्हतं. आजार नसलेल्या मुलींनाही आजाराच्या आवारातच आसरा घ्यावा लागला, यावरून त्या काळच्या होनोलुलूची भीती समजते. पुढच्या वर्षी दामियन होनोलुलूला आले ते स्वतः रोगी होऊन. बड्या मंडळींनी त्यांना टाळलं. मदर मारियाननी त्यांचं आतिथ्य केलं.

1887 साली सत्तेचा रंग बदलला, नव्या सरकारनं काकाआको बंद करायचं ठरवलं आणि रोग्यांची रवानगी पुन्हा जोरात मोलोकाईला होऊ लागली. नोव्हेंबर 1888 मध्ये मदर मारियान दोन सिस्टरांसह मोलोकाईवरच्या कलाउपापाला उतरल्या. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला दीड हजार फुटांहून उंच कडा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या तळाशी उभं राहून वर पाहिलेल्यांना तो अडसर किती मोठा असेल ते चटकन उमजेल. सगळी मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं या टापूत धाडली गेली, आणि बहुतेक तिथंच संपली.

बायका आणि मुलींसाठी तिथं बिशप होम बांधलेलं होतं. मदरांनी झाडं लावली, फुलझाडं लावली, मुलींना शिवण आणि भरतकाम शिकवलं. आणि त्यांच्यासाठी कपडे शिवले, चालू फॅशनचे, मुलींना मिरवावेसे वाटतील असे. बोटं झडलेल्या, चेहरा सुजलेल्या मुलीला फॅशन कशाला, असं कुणीही म्हटलं असतं. अंग झाकेल एवढं कापड पुरे, हा दयेचा नेहमीचा हिशेब असतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला आरशासमोर उभं राहावंसं वाटतं आणि रोगानं ती हौस मरत नाही, हे गिरणीत कापड विणलेल्या बाईला कळलं होतं. दामियनच्या त्यागापुढे माझी मान झुकते. या शिवणकामापुढे मात्र मी थबकते, कारण त्यागाची उदाहरणं इतिहासात खूप आहेत आणि मरू घातलेल्या मुलीच्या गळपट्टीची काळजी घेतल्याची फार थोडी.

दामियन एप्रिल 1889 मध्ये गेले. पुढच्याच महिन्यात ‘ट्रेझर आयलंड’वाला स्टीव्हन्सन कलाउपापाला आला. तो हातमोजे न घालता मुलींबरोबर क्रोके खेळला आणि परत गेल्यावर त्यांना पियानो पाठवून दिला. दामियनच्या बाजूनं त्यानं लिहिलेलं जाहीर पत्र जगभर गाजलं. मदर मारियानच्या वाट्याला त्याची एक छोटी कविता आली. मला त्या पियानोचंच जास्त अप्रूप वाटतं. तोही शिवलेल्या कपड्यांच्याच जातीचा, गरजेच्या यादीत न बसणारा. मध्यंतरी काही वर्षं दामियननी चालवलेल्या मुलग्यांच्या आश्रमाचा भारही सिस्टरांनीच वाहिला.

माझ्या लहानपणी इथं एसटी स्टँडवर लाकडी गाड्यावर बसलेली कुष्ठरोगी माणसं दिसायची, हाताला फडकी गुंडाळलेली. मोठी माणसं त्यांच्या वाडग्यात नाणं वरून टाकत, हात लागू नये अशा बेतानं. मीही तशीच टाकायला शिकले. आमच्याकडे याच काळात दत्तपूर होतं, अमरावतीचं तपोवन होतं, आनंदवन होतं. तरी स्टँडवरचं नाणं उंचावरूनच पडायचं. कायद्यालाही घाई नव्हती. इंग्रजांनी 1898 साली केलेला लेपर्स अ‍ॅक्ट आपण 2016 मध्ये रद्द केला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून गेलं ते 2019 साली. तोवर रोग औषधानं पूर्ण बरा होऊ लागून कितीतरी वर्षं लोटली होती. हवाईनं सक्तीचं विलगीकरण 1969 साली संपवलं, म्हणजे तेही काही फार शहाणे नव्हते.

मदर मारियाननी बरोबरच्या सिस्टरांना शब्द दिला होता की तुमच्यापैकी एकीलाही हा रोग होणार नाही. तो शब्द खरा झाला. श्रद्धाळूंना यात चमत्कार दिसतो. बहुसंख्य माणसांच्या शरीराला या रोगाचा प्रतिकार मुळातच असतो, हे पुढं विज्ञानानं दाखवलं. पण 1883 साली हे कुणाला ठाऊक होतं? ठाऊक नसताना त्यांनी साबण आणि गरम पाण्यावर भिस्त ठेवली आणि हात पुढं केला.

9 ऑगस्ट 1918 ला, ऐंशीव्या वर्षी, त्या कलाउपापातच वारल्या. शेवटी हृदय आणि मूत्रपिंडं थकली होती, चाकाच्या खुर्चीवरून फिरावं लागे. पुढं 2005 साली त्यांचे अवशेष सिरॅक्यूजला नेले गेले आणि 2014 साली पुन्हा हवाईत आणले गेले. आता ते होनोलुलूच्या कॅथेड्रलमध्ये आहेत.

आपल्या जिल्ह्यात कुष्ठधाम असेल आणि दिवाळीला तिथं काही द्यावं असं मनात आलं, तर एक करा. कपाटातले विटलेले कपडे बांधून पाठवू नका. दोनच साड्या द्या, पण कोऱ्या द्या, आणि घेण्याआधी तिथल्या बायकांना रंग विचारा.