बाटूच्या डोंगरातली पाल

सोमवार, क्वालालंपूर
लोकल पाऊण तास उशिरा. तिकीट अडीच रिंगिट, पाणी दोन, केळीच्या पानावरचं जेवण बारा. उकाडा असह्य. पाय दुखतात. बाकी उद्या.

मंगळवार, बाटू केव्ह्‌ज
लोकल पुन्हा उशिरा, उकाडा तसाच. मुरुगन देवाच्या सोनेरी मूर्तीखाली आपल्याकडच्या सहलीतली मंडळी मराठीत हाका मारत फोटो काढत होती. 272 पायऱ्या सगळेच चढतात. मी आले होते ती सिर्टोडॅक्टिलस मेट्रोपोलिससाठी. जगात ही पाल फक्त या चुनखडीच्या डोंगरात आहे. 1892 पासून इथे थैपुसमची यात्रा भरते, आणि ही वेगळी जात आहे हे शास्त्रज्ञांनी नोंदवलं 2014 मध्ये! घरच्या पालीसारख्या रुंद चिकट गाद्या तिच्या बोटांना नसतात. बोटं वाकडी, नख्या खडबडीत दगडाला धरणाऱ्या. दिवसा कपारीत, रात्री किड्यांच्या मागे. भोवती सगळीकडे शहर. हा डोंगर सोडून ती जाणार कुठे?

पायथ्याशी हार विकणाऱ्या तमिळ आजींजवळ बराच वेळ बसले. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, नारळपाणी दिलं, पैसे घेईनात. लहानपणी इथे दगडाच्या खाणी होत्या, म्हणाल्या. सुरुंग उडाला की घरातली भांडी वाजायची. पाल पाहिलीत का, विचारलं. ‘ती देवाच्या डोंगरातली. आम्ही हाकलत नाही.’ इतकं नीट उत्तर मला कुठल्या माहितीफलकावर मिळालं नाही. याच डोंगरातली अंधारी गुहा 2019 पासून बंद. पाल दिसली नाही.

बुधवार, इपोह
उशीर, उकाडा. जेवण नाही, नुसती कॉफी.
गुनुंग कांथान हा चुनखडीचा डोंगर रस्त्यावरूनच पाहिला. सिमेंटसाठी डोंगराची एक बाजू कापून काढलेली, पांढरीफेक. इथलीही स्वतंत्र पाल आहे, सिर्टोडॅक्टिलस गुआकांथानेन्सिस. तीही 2014 मध्येच नोंदली गेली. इथल्या एका गोगलगायीच्या शास्त्रीय नावात तर तेव्हा खाण चालवणाऱ्या कंपनीचंच नाव आहे. वाघाचं एक जंगल गेलं तर दुसरीकडे वाघ उरतात. या पालीचा डोंगर गेला की जातच गेली. संताप येतो, आणि लिहिण्यापलीकडे हातात काही नाही.

गुरुवार, परत क्वालालंपूर
गाडीत झोपले. टॅक्सी अठरा रिंगिट.
तुमच्यापैकी पुष्कळजण सहलीने बाटूला जाल. कपारींत फ्लॅश मारू नका, प्लास्टिक टाकू नका, दगड उचलून आणू नका. आणि अशी रानातली पाल कुणी पाळायला विकत असेल, तर घेऊ नका.