हळू चालणारे पुढे

डिसेंबरात संगमनेर-अकोले रस्ता उसाचा असतो. पुढे ट्रॅक्टर, त्याला जोडलेल्या दोन ट्रॉल्या आणि त्यांच्या मागे हॉर्न वाजवत आमची एसटी. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. वाचलेल्या पैशांतून सरांनी तंबू भाड्याने घेतले होते आणि ते सगळे आमच्या पायांत येत होते. अकोल्यात अगस्ती ऋषींच्या देवळाच्या दिशेने हात जोडून झाले. राजूर मागे पडलं तसा ऊसही संपला. कापून झालेली भातखाचरं, गवताच्या गंज्या, कारवीच्या कुडाची घरं आणि रस्ता अडवून निवांत उभ्या असलेल्या काळ्या-पांढऱ्या डांगी गाई. चालककाकांनी इंजिन बंद केलं, तेव्हा भूगोलाच्या बाईंनी संधी साधली. डांगी जनावराच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो, म्हणून सह्याद्रीचा मुसळधार पाऊस त्याला बाधत नाही, असं त्या सांगत होत्या. गाई कान हलवत ऐकत होत्या.

आम्ही नववीचे स्काउट आणि गाइड. सहल हरिश्चंद्रगडाची. तयारी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरू झाली होती. शनिवारी शाळा सुटली की मैदानावर तंबू उभारायचे, रीफ नॉट आणि क्लोव्ह हिच या गाठी बाकाच्या पायाला बांधून दाखवायच्या, स्ट्रेचर करायचं. सरावाला पेमगिरीचा किल्ला झाला. तिथल्या प्रचंड वडाखाली डबे खाऊन आलो. एरवी स्काउटचा तास म्हणजे परीक्षा जवळ आली की गणिताला आंदण दिलेला तास. या वर्षी मात्र सर अडून बसले. गाठ ज्याला येत नाही तो गडावर येणार नाही, असं त्यांनी फळ्यावर लिहूनच टाकलं. त्या आठवड्यात शाळेतल्या सगळ्या बुटांच्या नाड्या रीफ नॉटने बांधलेल्या होत्या.

पाचनई हे गडाच्या उत्तरेचं पायथ्याचं गाव. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब आणि दमवणारी, नळीची वाट तर सरावलेल्या गिर्यारोहकांची. शाळेच्या पोरांना पाचनईचीच वाट बरी. नाक्यावर पावती फाडली, पिशव्यांमधल्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजून वहीत लिहिल्या. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. १९८६ साली ते जाहीर झालं. आमच्याबरोबर येणारे वाटाड्या मामा गावातलेच. त्यांनी आमच्या सामानाकडे पाहिलं, अर्ध्या पिशव्यांचे बंद आवळले आणि म्हणाले, "चला आता. ऊन चढायच्या आत कड्याखाली जाऊ."

इथे सरांनी रांग लावली आणि कुरकुर सुरू झाली. कबड्डीच्या संघातली पोरं नेहमीप्रमाणे पुढे जाऊन उभी होती. सरांनी त्यांना मागे पाठवलं. मामांच्या मागे पहिला नंबर लावला तो आमच्या वर्गातल्या एका जाडजूड मुलाचा. पीटीच्या तासाला हा कायम लिंबाच्या झाडाखाली. संघ निवडताना त्याचं नाव शेवटी यायचं, तेही कोणीतरी सुस्कारा टाकून घ्यायचं. त्याच्या मागे मी, कारण पेमगिरीला मीही मागेच राहिले होते. सगळ्यांत शेवटी सर. नियम एकच : पहिल्याला ओलांडून कोणीही जायचं नाही. तो थांबला की सगळे थांबणार.

"सर, मग पोचायचं कधी?" मागून आवाज आला.

"सगळे पोचतील तेव्हा."

पहिला चढ झाडीतला आहे. त्यानंतर वाट एका उंच कातळभिंतीच्या पोटाखालून आडवी जाते. डोक्यावर खडक पुढे झुकलेला, डाव्या हाताला दरी. पावसाळ्यात इथे वरून पाण्याचा पडदा कोसळतो. डिसेंबरात नुसता गारवा होता आणि कुठे कुठे ओल. आमचा पुढारी दर शंभर पावलांनी थांबत होता. मागचे कबड्डीवाले आधी वैतागले, मग कंटाळले आणि करायला दुसरं काही नाही म्हणून इकडेतिकडे पाहू लागले. त्यांच्यातल्याच एकाला खडकाच्या छताला चिकटलेलं घरटं दिसलं. चिखलाच्या बारक्या गोळ्या एकावर एक लावून केलेलं, वाटीएवढं. "पाकोळीचं," मामा म्हणाले. गोळ्यांवर चोचीचे ठसे दिसत होते. सगळी रांग त्या छताखाली मान वर करून उभी राहिली आणि एकाही माणसाने कधी पोचायचं असं विचारलं नाही.

बाईंनी त्या भिंतीवरच तास घेतला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचत गेले आणि दख्खनचं पठार झालं, हे आम्ही पुस्तकात रंगीत पेन्सिलने रंगवलं होतं. इथे ते थर समोर होते. कठीण काळ्या बसाल्टचा उभा कडा, त्याखाली ठिसूळ, तांबूस, भोकाभोकांचा पट्टा. ठिसूळ पट्टा आधी झिजतो, वरचा कठीण थर अधांतरी राहतो, म्हणून वाटेवर छप्पर आलं. परीक्षेत या प्रश्नाला दोन गुण असतात. आमच्यातल्या एकीने त्या तांबूस पट्ट्यात बोट खुपसून पाहिलं, तर नखाने तुकडा निघाला. ती तो तुकडा मुठीत धरूनच पुढचा चढ चढली.

दुपारी देवळापाशी पोचलो. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ कोरीव दगडांचं आहे. शिखरावरची नक्षी पाहायला मान मोडून वर बघावं लागतं. शेजारी पुष्करणी आणि तिच्या कडेला ओळीने कोनाडे. चांगदेवांनी इथे तप केलं आणि ‘तत्त्वसार’ इथेच लिहिलं, असं मानतात. जवळच्या केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढ्या पाण्यात मोठं शिवलिंग आहे. भोवती चार खांब होते, त्यांतला एकच शाबूत राहिला आहे. चार खांब म्हणजे चार युगं आणि हा शेवटचा पडला की जग बुडणार, असं मामांनी सांगितलं. जगाचं काय व्हायचं ते होवो, पण त्या पाण्यात प्रदक्षिणा घालायला उतरलेले वीर अर्ध्या फेरीतच दात वाजवत बाहेर आले.

जेवण एका मावशींच्या झोपडीत. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात-डाळ. आमच्या विज्ञानाच्या वहीत त्या दिवसाचा एक प्रयोग ठरलेला होता. प्रयोगशाळेतला तापमापक सरांनी मोज्यात गुंडाळून आणला होता. मावशींच्या चुलीवरच्या पातेल्यात पाणी खळखळायला लागल्यावर तो पाण्यात धरला. शाळेत पाणी ९८ च्या आसपास उकळताना आम्ही पाहिलं होतं. इथे पारा ९६ च्या आसपास येऊन थांबला. लाकडं सारली, जाळ वाढवला, फुंकणीने फुंकून झालं, तरी तो हलेना. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी, असा हिशेब सरांनी भिंतीवर कोळशाने मांडला. मावशी भाकरी थापता थापता ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे मला कळलं आता. खाली लेकीकडं डाळ पटदिशी शिजती. इथं पानी उकळतं, पर डाळ काय शिजत नाय." पुस्तकातल्या धड्यात हा भाग नाही. आम्ही तो वहीत लिहून घेतला.

संध्याकाळी कोकणकडा. देवळापासून पश्चिमेला चालत गेलं की सपाट माळ येतो आणि तो एकाएकी संपतो. कडा नुसता उभा नाही, आत वळलेला आहे, पुढे झुकलेल्या फण्यासारखा. खाली हजार फुटांहून जास्त सरळ पोकळी आणि तळाशी बेलपाड्याची शेतं. मामांनी कड्यापासून बरंच अलीकडे दोर आखून दिला. त्याच्या पलीकडे एका वेळी तिघेच, पोटावर सरपटत, आणि प्रत्येकाचे पाय मोठ्या माणसाच्या हातात. माझी पाळी आली तेव्हा हनुवटी खडकाच्या कडेवर टेकली आणि खालून येणारा वारा थेट नाकात शिरला. वाळलेल्या गवताची मूठ मामांनी कड्यावरून खाली फेकली. गवत थोडं खाली गेलं, थबकलं आणि उलटं वर येऊन आमच्या डोक्यांवरून मागे पडलं. कोकणातून येणारा वारा या आत वळलेल्या भिंतीला आपटतो आणि वरच चढतो. पोरांना मग गवताचं वेडच लागलं.

याच कड्यावर कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, दिसलं होतं. सूर्य पाठीशी आणि दरीत धुकं असलं की धुक्यावर आपलीच सावली पडते आणि तिच्याभोवती रंगांचं कडं उमटतं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा हे पाहायचं तर सकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन बसलो. दरी अगदी स्वच्छ होती. धुक्याचा टिपूस नव्हता.

तिथेच बाईंनी प्रत्येकाला बाटलीतलं एक झाकण पाणी ओतायला सांगितलं. कड्याच्या बाजूला ओतलं तर ते कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळणार. चार पावलं मागे, देवळाकडच्या उतारावर ओतलं तर मंगळगंगेतून मुळेला, मुळेतून प्रवरेला, प्रवरेतून गोदावरीला आणि तिथून थेट बंगालच्या उपसागराला. आमच्या पुढाऱ्याने आधी इकडे ओतलं, मग तिकडे ओतलं आणि दोन्ही समुद्रांना पाणी पाठवल्याचं जाहीर केलं. त्याच्यावर हसायची संधी कबड्डीवाल्यांनी एरवी सोडली नसती. त्या दिवशी त्यांनीही आपापली झाकणं दोन्हीकडे रिकामी केली.

अभयारण्यात जाळ करायचा नाही, म्हणून पहिल्या रात्री शेकोटीचा कार्यक्रम शेकोटीशिवाय झाला. मधोमध कंदील, भोवती गोल करून आम्ही. नाटुकलं झालं, पोवाडा झाला, सरांची नक्कल झाली. मग कंदीलही विझवला आणि सरांनी आकाश दाखवलं. मृगाचे तीन तारे ओळीत, त्या ओळीच्या एका टोकाला लखलखीत व्याध, दुसऱ्या टोकाला तांबूस रोहिणी, तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. संगमनेरला आमच्या गच्चीवरून कृत्तिका दिसल्या तर चार-पाच दिसतात. इथे मोजताना भांडणं झाली. रात्री वारा सुटला. दोन तंबू पडले. ज्यांचे पडले त्यांनी खुंटीला गाठ कशी मारली होती, हे सकाळी सगळ्या शाळेसमोर तपासलं गेलं.

त्याच पहाटे, कड्यावर परत जाण्याआधी, तारामती. वाटेत गणेशगुहेतला भलामोठा गणपती, मग गवतातून खडा चढ. १४२९ मीटरचं हे गडाचं सर्वोच्च टोक. रांग कालचीच. फक्त आता ती लावायला सरांना काही बोलावं लागलं नाही. कबड्डीचा कप्तान आपणहून तिसऱ्या नंबरला येऊन उभा राहिला आणि सर्वांत पुढच्याची पाण्याची पिशवी त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली. माथ्यावर पहिलं पाऊल आमच्या जाडजूड पुढाऱ्याचं पडलं. उत्तरेला कळसूबाईचं शिखर दिसत होतं, १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. "पुढच्या वर्षी ते," तो म्हणाला. तो पुढच्या वर्षी येईल यात कोणालाच शंका वाटली नाही.

शाळेत वर्षभर बरंच काही चालतं. वक्तृत्व, क्रीडा महोत्सव, विज्ञान प्रदर्शन. त्यात जिंकणारे पाच-सहा जण दरवर्षी तेच असतात आणि उरलेले टाळ्या वाजवतात. या सहलीत पहिला नंबर द्यायची सोयच नव्हती. सगळे एकदम पोचले, म्हणून सगळ्यांनी सगळं पाहिलं. पुढे गेलेले झाडाखाली वाट पाहत बसले, मागे राहिलेले मान खाली घालून चालले, असं झालं असतं तर ते घरटं कोणालाच दिसलं नसतं. माझ्या मते शाळेच्या सहलीचं यश एवढ्यावरून मोजावं : परतीच्या गाडीत सांगण्यासारखं काही प्रत्येकाकडे आहे का?

तुमच्या शाळेला हरिश्चंद्रगडावर जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात वाट निसरडी आणि कड्यावर धुकं असतं, तेव्हा मुलांना नेऊ नका. पाचनईतला वाटाड्या बरोबर घ्या, जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा, नेलेला कचरा मोजून परत आणा. तापमापक न्या. आणि रांग लावाल तेव्हा सर्वांत हळू चालणाऱ्याला पहिला उभा करा.