नांगराचे वजन

एका छांदिष्टाने मालवाहू जहाजाची ५० पट लहान प्रतिकृती बांधली व तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नांगराचा रहाट बसविला. नौका तळ्यात सोडून त्याने काठावरून बिनतारी यंत्राची कळ दाबली. रहाट फिरला, साखळी सैल झाली. परंतु नांगर भोकातच अडकून राहिला! वाऱ्याने नौका खडकांकडे वाहू लागली.

असे का झाले? लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी ५० पट घटली, की वजन १,२५,००० पट घटते. ५ टनांचा नांगर अवघा ४० ग्रॅमचा होतो. घर्षणापुढे त्याचे काय चालणार?

छांदिष्ट खचला नाही. त्याने भोक घासून गुळगुळीत केले व नांगर शिशाचा ओतला. पुढल्या खेपेस नांगर तळाशी गेला, नौका स्थिरावली. थोरांचे रूप उसने घेता येते. बळ मात्र स्वतःच कमवावे लागते.